सुनील छेत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल नक्की किती? कुठे ९४ लिहिलेलं असतं, कुठे ९५.

दोन्ही आकडे आपापल्या तारखेला बरोबर आहेत. ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध खेळून भारतीय फुटबॉलचा हा कर्णधार राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या खात्यात १५१ सामने आणि ९४ गोल होते. नऊ महिन्यांनी तो परत आला आणि १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध हेडरने ९५वा गोल केला. त्यानंतर भर पडली नाही. ९४ लिहिलेली पानं बहुतेक त्या निरोपाच्या आठवड्यातली आहेत, पुढे कोणी हात लावलेला नाही.

एक बारीक गोष्ट. आशियाई क्रीडा स्पर्धेतले गोल यात धरत नाहीत, कारण तिथे मोजके ज्येष्ठ खेळाडू सोडले तर वयाची मर्यादा असलेले संघ उतरतात. २०२३ मध्ये हांगझोला बांगलादेशविरुद्ध त्याने पेनल्टीवर केलेला विजयी गोल म्हणून या यादीत सापडणार नाही.

मग तो खरंच मेस्सी आणि रोनाल्डोच्या पंगतीत बसतो का?

यादीत बसतो. निवृत्तीच्या वेळी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गोल करणारे तिघेच होते : रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई. जून २०२१ मध्ये दोहाला बांगलादेशविरुद्ध दोन गोल करून तो ७४ वर पोहोचला, तेव्हा काही दिवस मेस्सीसुद्धा त्याच्या मागे होता. ती बातमी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर इतकी फिरली की ज्यांनी उभ्या जन्मात भारताचा एक सामना पाहिला नव्हता त्यांनीही ती पुढे ढकलली.

खेळाच्या दर्जाची तुलना मात्र करू नये. छेत्रीने स्वतःच हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, आणि ते विनयापोटी नाही, वस्तुस्थिती म्हणून.

त्याचे गोल नेपाळ, मालदीव अशा दुबळ्या संघांविरुद्धच आहेत ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेक वेळा टोमणा म्हणून. निम्मा खरा आहे. दक्षिण आशियाई स्पर्धा, म्हणजे सॅफ, दर दोन-तीन वर्षांनी होते आणि तिथे तेच शेजारी भेटतात. २०११ च्या दिल्लीतल्या सॅफमध्ये त्याने एकट्याने सात गोल केले. युरोपातल्या आघाडीवीराला असं मैदान मिळत नाही हे कबूल.

पण राष्ट्रीय संघाचं वेळापत्रक आघाडीवीर ठरवत नाही. आणि हेच नेपाळ, हेच मालदीव बाकीच्या भारतीय आघाडीवीरांनाही मिळालं होतं. त्याच्याबरोबर बरीच वर्षं खेळलेला मिझोरमचा जेजे लालपेखलुआ चांगलाच आघाडीवीर होता, त्याचे गोल २३. ताट सगळ्यांसमोर सारखंच होतं.

शिवाय आशियाई चषकातले गोल पाहा. २०११ मध्ये दोहाला त्याने बहरीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले (दोन्ही सामने भारत हरला, ५-२ आणि ४-१). २०१९ मध्ये अबू धाबीला थायलंडविरुद्ध दोन गोल केले, तो सामना ४-१ ने आपला. आशियाई चषकात भारताने १९६४ नंतर पहिल्यांदाच सामना जिंकला होता. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांशी हरला आणि एकही गोल झाला नाही. छेत्री ३९ वर्षांचा होता आणि तरीही आपल्याकडे त्याच्याशिवाय दुसरा पर्याय नव्हता. दोष कुणाचा, ते वाचकांनी ठरवावं.

टीकाकारांना आवडेल अशी एक आठवण : सप्टेंबर २०१९ मध्ये दोहाला भारताने आशियाई विजेत्या कतारला ०-० असं रोखलं, तो गेल्या कित्येक वर्षांतला आपला सर्वांत गाजलेला निकाल. त्या रात्री छेत्री तापामुळे खेळलाच नव्हता.

तो मूळचा कुठला? नेपाळी आहे का?

भारतीय. जन्म ३ ऑगस्ट १९८४, सिकंदराबाद. घर नेपाळी भाषक गोरखा कुटुंबाचं, वडील भारतीय लष्करात, त्यामुळे बालपण बदल्यांमध्ये गेलं : गंगटोक, दार्जिलिंग, दिल्ली. वडील लष्कराच्या संघातून फुटबॉल खेळायचे. पण मला आईकडची गोष्ट जास्त रंजक वाटते. त्याची आई आणि तिची जुळी बहीण दोघीही नेपाळच्या महिला संघातून खेळल्या आहेत. ‘फुटबॉल रक्तात आहे’ हे वाक्य आपण कोणालाही चिकटवतो; इथे ते दोन्हीकडून खरं आहे.

सुरुवात कुठून झाली?

दिल्लीच्या सिटी क्लबमधून, आणि लगेच २००२ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानमधून. सतरा-अठराव्या वर्षी थेट मोहन बागान म्हणजे गल्लीतल्या पोराला एकदम शिवाजी पार्कावर मोठ्यांच्या संघात उभं करण्यासारखं. तिथून पंजाबच्या जेसीटीत गेला आणि खरा घडला तो तिथे.

भारताकडून पहिला सामना १२ जून २००५ ला, क्वेट्ट्यात, पाकिस्तानविरुद्ध. प्रशिक्षक सुखविंदर सिंग. सामना १-१ सुटला आणि भारताचा गोल याच पोराचा. गोल केल्यावर आनंदाच्या भरात तो प्रेक्षकांकडे धावला आणि तिथे सगळे पाकिस्तानी आहेत, कोणीच टाळ्या वाजवत नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. हा किस्सा तो स्वतःच हसत सांगतो.

नाव देशभर झालं ते १३ ऑगस्ट २००८ ला. दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, त्यात छेत्रीची हॅटट्रिक आणि चौथा गोल तेव्हाचा कर्णधार बायचुंग भुतियाचा. या विजयामुळे भारत १९८४ नंतर पहिल्यांदा आशियाई चषकाला गेला. २०११ मध्ये भुतिया निवृत्त झाला आणि संघाचा भार छेत्रीवर आला. तो त्याने पुढची तेरा वर्षं वाहिला.

परदेशात का जमलं नाही?

तीनदा प्रयत्न झाला आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एकाच शिक्क्याने निकालात काढण्यासारख्या नाहीत.

२००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता. ब्रिटिश सरकारने कामाचा परवाना नाकारला, कारण फिफाच्या क्रमवारीत भारत पहिल्या ७० मध्ये नव्हता. म्हणजे खेळाडू पास आणि देश नापास.

२०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्स. करार झाला, पण लीगच्या सामन्यांत संधी जवळजवळ मिळाली नाही. बाकावर बसून वर्ष काढलं आणि परतला.

२०१२ मध्ये पोर्तुगालचा स्पोर्टिंग, रोनाल्डो जिथे घडला तोच क्लब. तिथे त्याला ‘ब’ संघात पाठवलं गेलं आणि तिथेही मोजकेच सामने मिळाले. पहिल्या संघाच्या वेगाला आपण पुरे पडत नव्हतो, हे त्याने नंतर आडपडदा न ठेवता सांगितलं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. आपल्याकडे परदेशातून परतलेला खेळाडू हवामानाला, जेवणाला, राजकारणाला दोष देतो. हा म्हणतो, मी कमी पडलो.

गोवा आणि महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा बराच. आधी गोवा. २००९-१० मध्ये तो धेंपोकडून खेळला आणि त्या हंगामात धेंपोने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, जिंकली. पुढे स्पोर्टिंगमधून उसन्या करारावर तो चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि २०१२-१३ ची आय-लीग चर्चिलने जिंकली. गोव्याच्या दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर विजेतेपद मिळवून तो निघून गेला, आणि नंतर बेंगळुरू क्लबच्या जर्सीत येऊन मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोवेकरांना रडवलं. त्याबद्दल शेवटी.

आता महाराष्ट्र. राष्ट्रीय संघाकडून त्याच्या चार हॅटट्रिक आहेत : ताजिकिस्तान (२००८), व्हिएतनाम (२०१०), चायनीज तैपेई म्हणजे तैवान (२०१८) आणि पाकिस्तान (२०२३). यातली व्हिएतनामविरुद्धची पुण्यात, बालेवाडीला झाली आणि तैपेईविरुद्धची मुंबईत, अंधेरीला. म्हणजे चारपैकी दोन आपल्या मातीत. बालेवाडीची हॅटट्रिक आज पुण्यातही फारशी कोणाला आठवत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये ६१ वर्षांनी मुंबईत भारताचा आंतरराष्ट्रीय सामना झाला, प्युर्टो रिकोविरुद्ध, ४-१. त्यातही त्याचा एक गोल होता. आणि इंडियन सुपर लीगच्या २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. त्याच हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, त्या लीगमध्ये भारतीय खेळाडूची पहिलीच.

२०१८ चा तो हात जोडलेला व्हिडिओ काय होता?

आंतरखंडीय चषक मुंबईत होता. १ जूनला अंधेरीच्या मैदानावर भारताने तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहायला अधिकृत आकड्यानुसार २,५६९ माणसं होती. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की याच्या कितीतरी पट गर्दी असते, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, अशा अर्थाचं आर्जव होतं. युरोपातले क्लब पाहणाऱ्यांना तो म्हणाला की आमचा दर्जा तसा नाही हे मान्य, पण तुमचा वेळ वाया जाणार नाही एवढी मेहनत आम्ही करू. विराट कोहली आणि सचिन तेंडुलकर यांनी तो पुढे पाठवला. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. तो छेत्रीचा शंभरावा सामना. मुंबईचा जूनमधला पाऊस कोसळत होता, मैदानात पाणी साचलं होतं, आणि भारत ३-० जिंकला. दोन गोल छेत्रीचे. १० जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा केनिया, २-०, दोन्ही गोल त्याचेच. चार सामन्यांत आठ गोल.

आता नकोसा भाग. ती गर्दी टिकली का? थोडी. कर्णधाराने हात जोडल्यावर माणसं येतात, पण दर वेळी हात जोडायचे का?

तो नक्की कोणत्या जागेवर खेळतो? उंची तर फार नाही.

उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच. राष्ट्रीय संघात मधला आघाडीवीर किंवा त्याच्या किंचित मागे. क्लबमध्ये बरीच वर्षं डाव्या बगलेला, कारण मधली जागा परदेशी खेळाडूला द्यायची रीत. बेंगळुरूत व्हेनेझुएलाचा मिकू असताना असंच होतं.

या उंचीत इतके हेडर कसे, हा खरा प्रश्न. उत्तर उडीत नाही, वेळेत आहे. चेंडू बगलेवरून यायच्या आधी तो बचावपटूच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा कोनात उभा असतो. चेंडू सुटला की दोन पावलं पुढे टाकून बचावपटूच्या अंगावरून नाही तर पुढून घुसतो. गल्लीत कबड्डी खेळलेल्यांना ही चाल लगेच कळेल. वेग गेला तरी ही गोष्ट जात नाही, म्हणून तो चाळिशीतही गोल करू शकला.

बेंगळुरूबरोबर काय काय जिंकलं?

२०१३ मध्ये क्लब स्थापन झाला तेव्हापासून तो तिथे आहे, मुंबईचे उसने हंगाम सोडले तर. आय-लीग दोनदा (२०१३-१४, २०१५-१६), फेडरेशन चषक दोनदा, सुपर चषक २०१८, सुपर लीग २०१८-१९, ड्युरँड चषक २०२२. २०१६ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठणारा बेंगळुरू पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य सामन्यात कांतीरवा मैदानावर मलेशियाच्या जोहोरला ३-१ हरवलं, दोन गोल छेत्रीचे. अंतिम सामना इराकच्या क्लबविरुद्ध ०-१ गेला.

केरळचे चाहते त्याच्यावर इतके का चिडतात?

३ मार्च २०२३. सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ. बेंगळुरूला फ्री किक मिळाली आणि केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत उभी करत असतानाच छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले आणि परत आलेच नाहीत. पुढे क्लबला चार कोटींचा दंड झाला. नियमाप्रमाणे झटपट फ्री किक घेता येते, फक्त पंचांनी शिटीची वाट पाहायला सांगितलेलं नसावं. केरळवाले म्हणतात, सांगितलं होतं. बेंगळुरूवाले म्हणतात, नव्हतं. मला विचाराल तर गोल चलाखीचा होता, देखणा नव्हता.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याच केरळविरुद्ध चाळिसाव्या वर्षी त्याने हॅटट्रिक केली, तिला मात्र कोणी नावं ठेवू शकलं नाही.

चषक घेताना राज्यपालांनी त्याला बाजूला सारल्याचं खरं आहे का?

हो, २०२२ च्या ड्युरँड चषकाच्या बक्षीस समारंभात, कोलकात्यात. फोटोत नीट दिसावं म्हणून. विजेत्या कर्णधाराला हाताने मागे सारलेला तो व्हिडिओ अजून फिरतो आणि अजून लाज वाटते.

पुरस्कार?

अर्जुन २०११, पद्मश्री २०१९, खेलरत्न २०२१. खेलरत्न मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू सात वेळा.

सासरे कोण?

मोहन बागानचे दिग्गज बचावपटू सुब्रत भट्टाचार्य. छेत्री अगदी पोरगा असताना त्यांच्याच हाताखाली खेळला. २०१७ च्या डिसेंबरात त्यांची मुलगी सोनम हिच्याशी लग्न झालं. आघाडीवीराचा सासरा बचावपटू, तेही आपल्याच जुन्या प्रशिक्षकांपैकी. पुढची कल्पना वाचकांनी करावी.

निवृत्त झाल्यावर परत का आला? आणि आता?

मे २०२४ मध्ये जाहीर केलं, जूनमध्ये कुवेतविरुद्ध शेवटचा सामना. जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचा रस्ता जवळजवळ खुला होता. ०-० सुटला. पाच दिवसांनी कतारविरुद्ध हरून आपण बाहेर. त्याचा निरोप असा अर्धवट राहिला.

पुढच्या हंगामात त्याने बेंगळुरूसाठी १४ गोल केले, त्या मोसमात कोणत्याही भारतीयापेक्षा जास्त. तोवर राष्ट्रीय संघ गोलासाठी तरसत होता. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी बोलावलं आणि तो आला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पण चाळीस वर्षांच्या निवृत्त माणसाला हाक मारावी लागणं यातच संघाची सगळी कथा आली. मालदीवविरुद्ध गोल झाला, पण त्यानंतर बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगकडून हार. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले, आणि १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरने २-१ हरवून २०२७ च्या आशियाई चषकाची दारं बंद केली. मग त्याने दुसऱ्यांदा आणि बहुधा खरोखर थांबायचं ठरवलं.

त्याची जागा कोण घेणार?

या प्रश्नाचं सरळ उत्तर नाव सांगून देता येत नाही. कारण नाव नाही.

असं का झालं? गोल करायची जागा ही विकत घेण्याची जागा झाली आहे. क्लबला निकाल लगेच हवा असतो, म्हणून परदेशी खेळाडूंच्या कोट्यातली पहिली जागा आघाडीवीराला जाते. सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चारच परदेशी मैदानात असू शकतात, पण त्या चौघांत आघाडीवीर बहुतेक असतोच. मग गोल करणारं भारतीय पोरगं एक तर बगलेला सरकतं, नाही तर बाकावर बसतं. १७-१९ वर्षांखालच्या संघात जो नऊ नंबर, म्हणजे मधला आघाडीवीर, असतो तो पंचविशीत बचावाला मदत करणारा बगलेचा खेळाडू झालेला असतो. छेत्रीही बगलेलाच सरकला होता. फरक इतकाच की राष्ट्रीय संघात आला की तो मधे यायचा आणि गोल करायची सवय त्याने मोडू दिली नाही.

आणि दुसरी गोष्ट सरावानंतरची. त्याच्याबरोबर खेळलेले जवळजवळ सगळे सांगतात की सराव संपल्यावर शेवटचा मैदान सोडणारा तोच. काही वर्षांपूर्वी त्याने मांस आणि दूध दोन्ही सोडलं. झोपेची वेळ ठरलेली. हे सगळं ऐकायला कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच फार जण करत नाहीत.

त्याचा एकच गोल पाहायचा असेल तर कोणता?

बहुतेक जण थायलंडविरुद्धचा दुसरा गोल सुचवतील, तोही सुंदरच आहे. पण मी सांगेन ६ एप्रिल २०२५ चा. सुपर लीगचा उपांत्य सामना, दुसरा टप्पा, फातोर्डा. पहिला टप्पा बेंगळुरूने २-० जिंकला होता; आता गोवा २-० ने पुढे, म्हणजे बरोबरी, आणि मैदान नुसतं पेटलेलं. नव्वद मिनिटं संपून दोन मिनिटं झाली. बगलेवरून चेंडू आला. चाळीस वर्षांचा माणूस बचावपटूच्या पाठीमागून दोन पावलं पुढे आला, पुढे झोकून डोकं लावलं, आणि चेंडू लांबच्या कोपऱ्यात.

बेंगळुरू अंतिम फेरीत. गोव्याच्या वाचकांनी माफ करावं, पण आवाज बंद करून पाहा : गोल झाल्यावर एका क्षणात शांत होणारी ती गर्दी डोळ्यांनीही ऐकू येते.